आयर्न क्रॉस (१९३९) घ्यायचाय, खरा कसा ओळखायचा? बजेट ८० युरो

सातारी_लाइपझिगात
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझे आजोबा (घरात सगळे अप्पा म्हणायचे) मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. परत येताना एक जर्मन क्रॉस, म्हणजे जर्मन सैनिकाचं शौर्यपदक, घेऊन आले होते. काळा, कडेने चंदेरी, मधे स्वस्तिक, खाली १९३९. कुणाचा, कुठे मिळाला ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बाबा आठ-नऊ वर्षांचे असताना तो सुतळीत ओवून गळ्यात घालून विहिरीवर गेले, उडी मारली, आणि वर आले तेव्हा गळ्यात नुसती सुतळी. आत्याने घरी चुगली केली. त्या माराची गोष्ट बाबा अजून सांगतात. विहीर कोरेगावजवळ आहे, पूर्ण उपसली कधीच गेली नाही.

या दिवाळीत बाबांना ७५ पूर्ण होतायत, तर तसाच एक क्रॉस घेऊन जावा असं मनात आहे. मी लाइपझिगला असतो. इथे आग्रा पार्कात महिनाअखेरीस मोठा जुना बाजार भरतो (हो, आग्राच म्हणतात, जुन्या शेतकी प्रदर्शनाचं छोटं नाव आहे ते, ताजमहालशी संबंध नाही). तिथे एका आजीबाईंकडे एक बघितला, ७५ युरो सांगतायत. मधे गोल स्टिकर चिकटवलाय. रिबन काळी, दोन्ही कडेला पांढरी पट्टी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुठून घ्यावा, काय बघावं? बजेट ८०, त्यावर खरंच नको.

जुनाबाजारवाला
लोहचुंबक न्या. मी पुण्याच्या जुन्या बाजारात साडेतीन हजाराला घेतला होता आयर्न क्रॉस, विकणारा म्हणाला एका पारशी बाबांच्या घरातून आलाय वगैरे. घरी आणून चुंबक लावला तर ढिम्म. नाव आयर्न आणि आत लोखंडच नाही!! अख्खा पितळेचा ओतीव, वर काळा ऑइलपेंट. आता टीव्हीवर ठेवलाय, पाहुणे विचारतात, मी खरा आहे म्हणून सांगतो.

लंडनचा_भाऊ
८० युरोत या छंदात काही होत नाही, आधीच सांगतो. माझा सल्ला ऐकशील तर सेकंड क्लासच्या, म्हणजे या क्रॉसच्या खालच्या दर्जाच्या, नादी लागूच नकोस, तीसेक लाख वाटलेत ते, कुणाच्याही घरात सापडतात. ४०० पर्यंत जा आणि फर्स्ट क्लास घे, मागे पिन असते, डाव्या छातीवर लावायचा, हातात घेतलास की फरक कळतो. माझ्याकडे तीन आहेत, एक मूळ डबीसकट. त्याहून वरचा नाइट्स क्रॉसही दोनदा हातात घेऊन बघितलाय, ते मात्र सात हजारांच्या थोडे वरच दिले गेले म्हणून किंमत काही हजार पौंडात जाते आणि बाजारात फिरणारे बहुतेक बनावट. त्याच्या वाटेला मी पण गेलो नाही.

सातारी_लाइपझिगात
भाऊ धन्यवाद, पण आजोबांचा बहुतेक सेकंड क्लासच होता, बाबा सांगतात वर कडी होती आणि सुतळी त्यातनंच ओवली होती. फोटो टाकतोय. आजीबाईंनी स्टिकर उचलून दाखवला, तेवढ्यात काढला, त्यामुळे हललाय.

मृण्मयी_हानोफर
अरे आधी तो फोटो काढ!! तू जर्मनीत राहतोस. इथे कलम ८६अ आहे, नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा. घरात कपाटात ठेवण्याला कुणी काही म्हणत नाही, विकत घेण्यालाही नाही, म्हणून तर बाजारात ते स्टिकर लावून ठेवतात. इतिहासाच्या अभ्यासासाठी सूट आहे कायद्यात, पण ती सूट कोर्टात सिद्ध करत बसायची हौस आहे का तुला? मधे एक टिकली लाव आणि परत फोटो काढ. आणि आमच्या घरी विचारशील तर १९१४ चा घे. डिझाइन तेच, मधे स्वस्तिकाऐवजी डब्ल्यू आणि वर मुकुट, कायद्याची कटकट शून्य, माझ्या नवऱ्याने ४० ला घेतलाय.

साधा_माणूस
एक विचारू का, राग मानू नका. ज्यांनी लाखो लोक मारले त्यांची पदकं दिवाळीला घरी न्यायची? आणि वर आपल्या पवित्र स्वस्तिकाची बदनामी. त्यांचं स्वस्तिक उलटं आहे, आपलं सुलटं, हे आधी लोकांना सांगा.

धातुशास्त्री
उलटंबिलटं काही नाही. दोन्ही उजवीकडेच वळतात, त्यांचं ४५ अंशात कलतं, टोकावर उभं, एवढाच काय तो फरक. व्हॉट्सॲपवर शिकू नका.

आता मूळ प्रश्न. वर चुंबक चुंबक चाललंय ते अर्धंच आहे. खरा क्रॉस तीन भागांचा असतो. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि पुढून-मागून फ्रेमचे दोन अर्धे, कडेला डाख देऊन जोडलेले. भिंग घे आणि कड बघ. दोन अर्धे जिथे मिळतात ती बारीक रेघ कुठे ना कुठे दिसतेच, चांगल्या कारखान्यांनी घासून गुळगुळीत केलेली असली तरी. ओतीव नकलेत एक तर रेघच नसते नाहीतर साच्याची जाड शिवण असते, आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे, रवाळ. फ्रेमवर ज्या आडव्या बारीक दात्या असतात त्या धारदार पाहिजेत, कोपऱ्यात दोन बाजूंच्या दात्या नीट येऊन मिळतात. नकलेत त्या साबणासारख्या. स्वस्तिक हा सगळ्यात उंच भाग, तिथला काळा रंग आधी झिजतो, मग १९३९ च्या आकड्यांचा. झीज खोलात आणि उंचावर सारखीच असेल तर ती कुणीतरी केलेली आहे. माप ४४ मिमीच्या आसपास. मागे फक्त १८१३ असतं, दुसरं काही असेल तर ठेवून दे आणि चहा पी.

चुंबक चिकटला म्हणजे खरा असं नाही, आता नकलाही लोखंडी गाभ्याच्या करतात. आणि काही थोडे खरे क्रॉस बिनलोखंडी गाभ्याचे पण निघतात, पण तुझ्यासारख्याने त्यात पडू नये.

जुनाबाजारवाला
तेच म्हणतोय मी. चुंबक.

रिटायर्ड_माणूस
इटलीतील मराठ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आजोबांची बटालियन कोणती? नाईक यशवंत घाडगे हे ३/५ (पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन) मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचा पुतळा आहे. शिपाई नामदेव जाधव हे १/५ चे, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या घरात इटली स्टार असणार, तो शोधा आधी. सहा टोकांचा पितळी-तांबूस तारा, रिबन लाल पांढरी हिरवी पांढरी लाल. जर्मनांचं काय घेऊन बसलात.

सातारी_लाइपझिगात
काका, इटली स्टार होता म्हणतात, आता कुठे आहे माहीत नाही. चुलत्यांकडे ट्रंका आहेत दोन. बटालियन बाबांना ठाऊक नाही.

रिटायर्ड_माणूस
मग ट्रंका उघडा! ब्रिटिश सैनिकांच्या स्टारवर नाव नसे, पण हिंदी सैन्याला दिलेल्या स्टारच्या मागे नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. तेवढ्यावरून पुढचा माग निघू शकतो. लोक भंगारात घालतात हो, फार वाईट वाटतं.

विएन्नाकर
माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. इथे व्हिएन्नात रुडॉल्फ सूवाल म्हणून कारखाना होता, युद्धात पदकं बनवायचा, त्यांचा नंबर एल/५८. युद्ध संपल्यावरही त्यांनी संग्राहकांसाठी जुन्याच ठशांवर माल काढला. मी २०१९ ला एक जखमी बिल्ला (जखमी सैनिकांना द्यायचे तो) घेतला, मागे एल/५८ बघून खूश, १२० युरो मोजले. नंतर दुसऱ्या संग्राहकाने सांगितलं की कारखाना खरा, ठसा खरा, फक्त बिल्ला युद्धानंतरचा. आता याला खोटा तरी कसं म्हणायचं? बायको म्हणाली तू जखमी झालास, तूच लाव.

तेव्हा नंबर बघून हुरळू नका. आणि इथे ऑस्ट्रियात चिन्हांवर बंदीचा १९६० चा वेगळा कायदा आहे, इकडे घेऊन फिरायला येऊ नका.

लंडनचा_भाऊ
सूवाल तर शाळेतली पोरं पण ओळखतात. असो. कडीवर कारखान्याचा नंबर बघ, ६५ म्हणजे क्लाइन उंड क्वेंत्सर, इडार-ओबरश्टाइनचा. ४ म्हणजे श्टाइनहाउअर उंड ल्युक. तू सॅक्सनीत आहेस तर १०० किंवा ५५ मिळायला हरकत नाही, दोन्ही कारखाने तिकडचेच, मिटवायडा आणि गेरिंग्सवाल्डे. नंबरवाला घे, विकताना बरं पडतं. चारशे.

सातारी_लाइपझिगात
विकायचा नाहीये भाऊ. आणि चारशे नाहीयेत.

टिकली लावून फोटो टाकले, पुढून, मागून, कडेने. (बायकोची टिकली, हिरवी, हसू नका.) कडीवर नंबर दिसत नाही. चुंबक चिकटला. कड बघितली, रेघ आहे असं वाटतंय.

धातुशास्त्री
फोटो तिरका आहे पण दात्या बऱ्या दिसतायत. कोपरे बरे आहेत. नंबर नसला तर नसू दे, बिननंबरी खरे ढिगाने आहेत. पण दोन गोष्टी खटकतात. एक, रिबन चुकीची आहे. काळ्यावर कडेला पांढऱ्या पट्ट्या ही पहिल्या महायुद्धाची. १९३९ च्या क्रॉसला मधे रुंद लाल, मग पांढरी, मग काळी. आजीबाईंनी किंवा त्यांच्या आधी कुणीतरी जे हाती लागलं ते ओवलंय. त्यावरून क्रॉस खोटा ठरत नाही, पण रिबनचे पैसे देऊ नकोस. दोन, गाभ्याचा रंग. फार सपाट, फार चकचकीत काळा. मूळ रंग सहसा मॅट असतो. एक तर परत रंगवलाय, नाहीतर जरा वाईट शंका अशी की फ्रेम १९५७ ची आणि गाभा नवा.

मृण्मयी_हानोफर
१९५७ चा मुद्दा आला म्हणून सांगते, हाच तर मला सुचवायचा होता. त्या साली पश्चिम जर्मनीने कायदा केला की जुन्या सैनिकांना पदकं लावता येतील पण स्वस्तिकाशिवाय. मग त्याच क्रॉसवर मधे ओकची पानं टाकून परत बनवले. कायदेशीर, सुंदर, भिंतीवर लावा, विमानात न्या. १९१४ नको असेल तर ५७ चा घे.

लंडनचा_भाऊ
५७ चा? त्यापेक्षा जुन्या बाजारातला पितळेचा घे. संग्राहक तोंड वाकडं करतात ५७ ला. आणि गोची इथेच आहे, त्या ५७ च्या चांगल्या फ्रेमा उघडून आत स्वस्तिकवाला नवा गाभा बसवतात आणि १९३९ म्हणून विकतात. कड परत जोडलेली असते, भिंगातून डाखाचे ताजे थेंब बघ. धातुशास्त्रींना योग्य शंका आलीय, पण ही मला फोटो बघताक्षणीच आली होती, लिहिलं नाही एवढंच.

साधा_माणूस
माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही.

मृण्मयी_हानोफर
मी देते. माझ्या सासूबाईंच्या वडिलांचा क्रॉस घरात आहे, ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळून. त्या फेकतही नाहीत आणि दाखवतही नाहीत. मी एकदाच विचारलं, त्या म्हणाल्या ते पूर्व आघाडीवर होते, आणि उठून कॉफी करायला गेल्या. कौतुक म्हणून ठेवलाय की लाज म्हणून ते आठ वर्षांत मला कळलेलं नाही. पण या मुलाच्या आजोबांनी तो कुणा जर्मनाकडून काढून घेतलाय ना, दिला तर नाही कुणी त्यांना. त्यात नाझींचं कौतुक कुठे आलं? हिटलरच्या एसएस दलाचे बिल्ले वगैरे हौसेने गोळा करणारे असतात, त्यांच्याशी मी पण बोलत नाही. शिवाय ते बिल्ले बहुतेक बनावटच असतात, बरं होतं.

साधा_माणूस
ठीक आहे. पटलं असं नाही, पण ठीक आहे.

पिंट्या_नाशिक
लोहचुंबक लावून बघा दादा, सोपी युक्ती आहे.

संपादक
स्वस्तिकाच्या दिशेवरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

विएन्नाकर
रिबनचा विषय आलाय तर यूव्ही टॉर्च घ्या, नोटा तपासायला असतो तो, दहा युरोत मिळतो. अंधारात मारा. नव्या धाग्यात आणि नव्या साबणात जे उजळवणारं रसायन असतं ते निळंपांढरं चमकतं, जुना कापूस-रेशीम सहसा मेल्यासारखं राहतं. पण आजीबाईंनी रिबन कौतुकाने धुतली असेल तर खरी पण चमकेल, म्हणजे परत तेच.

जुनाबाजारवाला
इतका स्वच्छ कसा काय पण? युद्धात छातीवर लावून फिरला असेल तर घासला नसता का? माझा पितळेचा तरी जुना दिसतो.

धातुशास्त्री
सेकंड क्लास छातीवर मिरवायचा नसतोच. ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी लावायचा, नंतर कोटाच्या दुसऱ्या काजात नुसती रिबन. क्रॉस कागदी पाकिटात घालून घरी पाठवून द्यायचे. म्हणून खूप क्रॉस कोरे करकरीत राहिले. स्वच्छ म्हणजे नकली असं समजणारेच नकली जुनाट माल विकत घेतात, तुम्ही घेतलाय तसा.

आणि जस्ताचं कुणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो. हल्ल्यांत भाग घेतल्याबद्दलचे, जखमी वगैरे बिल्ले साधारण १९४२ नंतर जस्ताचे होत गेले, मुलामा उडून ते करडे, मुके दिसतात. ते खरे असूनही लोकांना भंगार वाटतात आणि चकचकीत नक्कल आवडते. नवशिक्याने तसला करडा काळवंडलेला बिल्ला घ्यावा, बजेटमध्ये बसतो, फसायची शक्यता त्यातल्या त्यात कमी. मी तर म्हणतो क्रॉस सोड, काळा जखमी बिल्ला घे. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला चंदेरी, पाच किंवा जास्त झाल्या तर सोनेरी.

सातारी_लाइपझिगात
बाबांनी विहिरीत क्रॉस पाडलाय हो, बिल्ला नाही.

बॉस्टनची_शमा
मी उशिरा आले. कागद बघा कागद! नावाचं प्रमाणपत्र, सैनिकाचं पुस्तक असा संच असेल तरच घ्या. आमच्या शेजारच्या आजोबांनी तिकडून आणलेल्या संचात क्रॉसचं, पूर्व आघाडीच्या पदकाचं असे दोन्ही कागद होते. त्या पदकाला सैनिक स्वतःच 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणायचे, १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात गारठले त्यांना दिलं होतं. नाव मिळालं की बर्लिनला चौकशी करता येते, सैनिकांच्या नोंदी ठेवणारी जुनी कचेरी २०१९ पासून जर्मनीच्या सरकारी अभिलेखागारात गेलीय.

लंडनचा_भाऊ
कागदासकट ८० युरोत? शमाताई, स्वप्नात. आणि कागदही बनावट असतात, शाई बघावी लागते, शिक्का बघावा लागतो. माझ्याकडे एक संच आहे, फोटो टाकतो नंतर.

सातारी_लाइपझिगात
महिनाअखेर झाली, परत बाजारात गेलो होतो. आजीबाईंचा क्रॉस होता अजून. भिंग नेलं होतं. कडेला एका कोपऱ्यात चकचकीत थेंब दिसला, बाकी कड जुनी. धातुशास्त्री म्हणाले तसंच असावं. आजीबाईंना मी काही बोललो नाही, त्यांनाही माहीत नसेल. ६० पर्यंत आल्या होत्या. नाही घेतला.

मग दोन ओळी पलीकडे एकाकडे लाकडी खोक्यात गंजलेले खिळे, कड्या, बक्कल असला कचरा होता. त्यात एक क्रॉस. एका बाजूची फ्रेम गेलीय, दुसरी अर्धी आहे, गाभा गंजून फुगलाय, रंग म्हणून काही राहिलेलंच नाही. मागे बोट फिरवलं की १८१३ लागतं. पुढे १९३९ मधला ९ दिसतो, स्वस्तिकाच्या जागी नुसता फोड. २० युरो. घेतला.

लंडनचा_भाऊ
अरे देवा. जमिनीतला माल?? त्याला काही किंमत नाही रे. आणि नकला ॲसिडमध्ये बुडवून, बागेत पुरून असला माल रोज तयार होतो. एवढं सगळं लिहिलं आम्ही.

मृण्मयी_हानोफर
हे मला नाही आवडलं. परवानगीशिवाय लढाईच्या जागा खणणं बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे, तिथे अजून माणसं सापडतात पुरलेली. कुठून आला विचारलंस का?

सातारी_लाइपझिगात
विचारलं. म्हणाला घर पाडताना तळघराच्या मातीत मिळाला. खरं की खोटं देव जाणे, भाऊ म्हणतील कहाणी फुकट असते. पण मला तो बघितल्यावर दुसरं काही सुचलंच नाही. पासष्ट वर्षं विहिरीच्या गाळात पडलेला क्रॉस आज काढला तर चकचकीत थोडाच निघेल?

धातुशास्त्री
गंज थरांनी सुटतोय का? सुटत असेल तर खरंच जुना असू शकतो. घासू नकोस, तेल लावू नकोस, कोरडा ठेव. चुंबक?

सातारी_लाइपझिगात
चिकटतो. अर्धवट.

पिंट्या_नाशिक
मी म्हटलंच होतं.

रिटायर्ड_माणूस
ट्रंका उघडल्या का?

सातारी_लाइपझिगात
दिवाळीनंतरचा अपडेट, उशीर झाला. काका, ट्रंका उघडल्या. एकात धान्याची पोती निघाली, दुसरीत इटली स्टार, रिबनशिवाय. मागे नंबर आणि नाव आहे, आजोबांचंच. चुलत्यांनी दिला नाही, फोटो काढू दिला. तुम्हाला नंबर मेसेज करतो.

बाबांना क्रॉस पाडव्याला दिला. डबीबिबी नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांनी चष्मा लावला, उलटासुलटा केला, कडी कुठेय बघितली, बराच वेळ अंगठा फिरवत बसले. मला वाटलं विचारतील किती पैसे घातलेस. तर म्हणाले, "विहीर कुणी उपसली?" मी म्हटलं कुणी नाही, बाजारातला आहे, लाइपझिगचा. त्यांनी मान हलवली, ऐकलं की नाही माहीत नाही. मग म्हणाले, आक्काला फोन लाव. आत्या ८१ ची आहे, कानाला कमी ऐकू येतं. बाबा फोनवर ओरडून सांगत होते, "सापडला गं! आता काय सांगशील अप्पांना?"

लंडनचा_भाऊ
छान. कडीवर नंबर होता का?

सातारी_लाइपझिगात
कडीच नाहीये भाऊ.